मावशीने मुदत ठेव मोडण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

ठेव मोडून एजंटला पैसे द्यावेत आणि लेकीला डायटिशियन, म्हणजे आहारतज्ज्ञ, व्हायला इथे अमेरिकेत पाठवावं का, हा मावशीचा प्रश्न परवा फोनवर सांगितलात, तेव्हा घाईत अर्धंच उत्तर दिलं. ते अर्धं उत्तर तिच्यापर्यंत जाऊन ती बँकेत पोचायला नको, म्हणून आज सगळं नीट लिहिते. पत्र मावशीला आणि तिच्या लेकीला वाचायला द्या. बाबा, तुम्ही वाचाल तेव्हा पेन्सिल हाताशी असू द्या, आकडे बरेच आहेत.

एजंट म्हणतो की पोरीची बी.एस्सी. झालीच आहे, आता अमेरिकेत वर्षभराची डायटेटिक इंटर्नशिप, म्हणजे रुग्णालयातलं वगैरे प्रात्यक्षिक काम, केली की ती रजिस्टर्ड डायटिशियन. तसं होत नाही. रजिस्टर्ड डायटिशियन हा दर्जा कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन देतं, त्याला इथे सी.डी.आर. म्हणतात. त्यांच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन गोष्टी पूर्ण असाव्या लागतात. एक, एसेंड या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचे विषय. दोन, तशीच मान्यता असलेलं किमान १००० तासांचं देखरेखीखालचं प्रात्यक्षिक काम. तीन, मास्टर्स पदवी. ही अट १ जानेवारी २०२४ पासून आली, त्याआधी बॅचलर्सवर भागायचं. एजंटकडे जुनी माहिती असेल तर ती इथेच चुकते. इंटर्नशिप म्हणजे या तिघांतली फक्त दुसरी गोष्ट.

स्वतंत्र इंटर्नशिपला अर्ज करायचा तर हातात एक कागद हवा, त्याचं नाव व्हेरिफिकेशन स्टेटमेंट. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचा संचालक 'हिने आमच्याकडचे सगळे विषय पूर्ण केले' असं त्यावर सही करून देतो. आपल्याकडची बी.एस्सी. कितीही चांगल्या गुणांची असली तरी आपलं कॉलेज हा कागद देऊ शकत नाही, कारण त्याला एसेंडची मान्यता नाही. भारतातलं आर.डी., म्हणजे तिथलं रजिस्टर्ड डायटिशियनपद, असलं तरी तेही इथे थेट चालत नाही. तेव्हा 'थेट इंटर्नशिप मिळवून देतो' असं कोणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारायचं: व्हेरिफिकेशन स्टेटमेंट कोण देणार?

मावशीच्या लेकीपुढे दोन रस्ते आहेत. पहिला असा की आपल्या पदवीचं विषयवार मूल्यमापन इथल्या मान्य संस्थेकडून करून घ्यायचं, ते एखाद्या विद्यापीठाच्या डिडॅक्टिक, म्हणजे फक्त विषय शिकवणाऱ्या, अभ्यासक्रमाच्या संचालकांना पाठवायचं, ते जे विषय कमी आहेत म्हणतील ते इथे शिकायचे, मग स्टेटमेंट मिळवायचं, मग इंटर्नशिपला अर्ज आणि बरोबरीने मास्टर्स. दुसरा रस्ता म्हणजे ज्यात विषय, मास्टर्स आणि १००० तास एकत्र बांधलेले असतात असा पदव्युत्तर अभ्यासक्रम. एसेंडच्या यादीत तो 'फ्युचर एज्युकेशन मॉडेल ग्रॅज्युएट प्रोग्राम' या नावाने सापडेल. 'कोऑर्डिनेटेड प्रोग्राम'ही याच जातीचा, पण त्यातले काही पदवीच्या पातळीवरचे असतात, तेवढं पाहून घ्यावं. परदेशातून येणाऱ्या मुलीसाठी मी दुसराच रस्ता सांगेन. पहिल्यात विषय संपल्यावर इंटर्नशिपसाठी पुन्हा स्पर्धा करावी लागते. जागा नाही मिळाली, तर खर्च होऊन गेलेला असतो आणि व्हिसाचे दिवस सरत असतात. दुसऱ्यात एकदा प्रवेश मिळाला की तासांची सोय अभ्यासक्रमातच असते.

मूल्यमापनात काय अडतं तेही सांगते. नुसती मार्कलिस्ट पुरत नाही. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, त्याचे तास आणि प्रात्यक्षिकं, विद्यापीठाच्या शिक्क्यासह लागतात. हे कागद कॉलेजातून मिळायला महिने जातात, म्हणून आजच अर्ज टाकायला सांगा. तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठं इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, काही धरत नाहीत. ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा त्यालाच लेखी विचारावं. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय बऱ्याचदा धरले जातात. कमी पडतात ते वैद्यकीय पोषणोपचार, मोठ्या स्वयंपाकघराचं व्यवस्थापन आणि समुपदेशन. आणि विषय शिकून बरीच वर्षं झाली असतील, तर काही ठिकाणी ते जुने म्हणून पुन्हा करायला लावतात.

आता अर्ज. तो बहुतेक ठिकाणी डायकॅस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातो. इंटर्नशिपचाही आणि अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचाही. त्यात सगळ्या कॉलेजांच्या गुणपत्रिका, तीन शिफारसपत्रं, कामाचा आणि स्वयंसेवेचा तपशील आणि एक निवेदन असतं. प्रत्येक जादा अर्जाला वेगळी फी पडते, म्हणून पंधरा ठिकाणी अर्ज टाकण्यात अर्थ नाही; नीट निवडलेले पाच-सहा पुरेत. सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होणाऱ्या तुकडीच्या अर्जाची मुदत बहुधा त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत संपते, म्हणजे मूल्यमापन आणि इंग्रजीची परीक्षा आदल्या दिवाळीपर्यंत हातात हवी. अनेक ठिकाणी गुणांची सरासरी किमान ४ पैकी ३ मागतात. आपले टक्के त्या मापात कसे बसतात हे मूल्यमापन करणारी संस्थाच ठरवते, आपण घरी गणित करून खचून जायचं कारण नाही.

निवेदनात बहुतेक मुली एकच चूक करतात. 'मला लहानपणापासून अन्नाची आवड' किंवा 'आजीला मधुमेह होता' इथून सुरुवात. निवड करणाऱ्यांच्या हातात तशी शंभर निवेदनं असतात. त्यांना हवं असतं ते असं: कुठे काम केलं, तिथे नेमकी अडचण काय होती, तिने काय बदललं, त्याने काय फरक पडला, आणि पुढे काय करायचंय. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीन महिने काम केलं असेल तर किती ताटं, कोणकोणते पथ्याहार, ताटात चूक सापडली तर ती कोणाला कळवायची, हे लिहावं. स्वतःची कमजोरी विचारलेली असते तिथे 'मी फार मेहनत करते' असलं उत्तर देऊ नये. खरी कमजोरी आणि त्यावर चाललेला उपाय लिहावा. शिफारसपत्र एक तरी अशा माणसाचं हवं ज्याने तिला काम करताना पाहिलंय. तिन्ही पत्रं प्राध्यापकांची असली तर चित्र अपुरं राहतं.

काही इंटर्नशिपमध्ये रुग्णालय आणि मार्गदर्शक, ज्यांना इथे प्रीसेप्टर म्हणतात, विद्यार्थ्यानेच शोधायचे असतात. दूरस्थ इंटर्नशिपमध्ये हे सर्रास. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रीसेप्टरने 'हो' म्हटलं म्हणजे काम झालं असं नाही. रुग्णालय आणि अभ्यासक्रम यांच्यात करार व्हावा लागतो, तो दोन्हीकडच्या कायदेविभागांतून जातो आणि कधीकधी काही महिने अडकतो. करारावर सही नसेल तर पहिल्या दिवशी दारातूनच परत यावं लागतं. परक्या देशात ओळखी नसलेल्या मुलीने हा प्रकार टाळलेला बरा.

व्हिसाचं एक कलम मावशीला मोठ्याने वाचून दाखवा. विद्यार्थी व्हिसावर कॉलेजबाहेरच्या रुग्णालयात काम करायचं तर आधी सी.पी.टी. नावाची परवानगी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून घ्यावी लागते, मग ते काम बिनपगारी का असेना. त्या कार्यालयाने 'गरज नाही' असं लेखी दिलं तरच सूट समजावी. सी.पी.टी. पूर्णवेळ १२ महिने किंवा जास्त झाली तर त्याच पातळीच्या पदवीनंतरची वर्षभराची काम-परवानगी हातची जाते. १००० तास आठवड्याला ४० प्रमाणे २५ आठवड्यांत होतात, ३२ प्रमाणे साधारण ३१ आठवडे लागतात, म्हणजे मर्यादेच्या आत सहज बसतात. फक्त कोणी लांबवून लांबवून वर्षाच्या पुढे नेऊ नये. हो, आणि इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, उलट फी असते. मावशी 'कमावता कमावता शिकेल' असं धरून चालली असेल तर तिला आत्ताच सांगा.

प्रवेश मिळाल्यावर रुग्णालयाचे कागद येतात: गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रा, कांजण्या, हिपॅटायटिस बी, क्षयाची तपासणी, पार्श्वभूमीची पडताळणी, बहुतेकदा अमली पदार्थांची चाचणी आणि व्यावसायिक विमा. हिपॅटायटिसच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, म्हणून ती लस तिथूनच सुरू करून यावी. क्षयासाठी कातडीवरची चाचणी केली तर बी.सी.जी. घेतलेल्या आपल्या मुलींची ती कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचे एक्स-रे, धावपळ सुरू. त्यापेक्षा रक्तावरची चाचणी मागून घ्यावी, तिच्यावर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही.

आता ते १००० तास कशात जातात ते सांगते. आई, तुला वाटतं की डायटिशियन म्हणजे तक्ता लिहून देणारी. सगळ्यात जास्त वेळ जातो तो रुग्णालयात, आणि तिथे तक्ता शेवटी येतो. आधी रुग्णाची फाइल वाचायची, मग त्याच्याशी बोलायचं, मग हाताने तपासायचं: कानशिलं खोल गेलीत का, गळ्याची हाडं वर आलीत का, दंडाच्या मागची चरबी चिमटीत किती येते, पायावर सूज आहे का. कुपोषण ठरवायला सहा लक्षणं पाहतात आणि त्यातली किमान दोन लागतात: खाणं कमी होणं, वजन घटणं, चरबी घटणं, स्नायू घटणं, सूज, हाताची पकड कमजोर होणं. अचानक आलेल्या आजारात महिन्याभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल तर ते तीव्र समजतात. नव्या इंटर्न मुली हमखास रक्तातला अल्ब्युमिन (एक प्रथिन) बघून कुपोषण लिहून टाकतात. अल्ब्युमिन शरीरात दाह असला की आपोआप उतरतो, त्यावरून पोषण कळत नाही. आणि सूज असलेल्या रुग्णाचं वजन 'वाढलंय' म्हणून समाधान मानतात, ती दुसरी चूक.

मग निदानाचं एक वाक्य लिहायचं असतं, त्यात तीन भाग: समस्या, तिचं कारण, आणि पुरावा. उदाहरणार्थ, 'तोंडावाटे आहार अपुरा. कारण केमोथेरपीमुळे मळमळ. पुरावा, पाच दिवस निम्म्याहून कमी जेवण आणि महिन्यात ४ किलो घट.' वाक्य साधं दिसतं, पण इंटर्नची खरी परीक्षा इथेच होते. कारणाच्या जागी 'कर्करोग' लिहिलं, तर त्यावर डायटिशियन काय करणार? कारण असं हवं ज्याच्यावर आपला उपाय चालतो. मळमळीवर चालतो: थंड, कमी वासाचं अन्न, थोडं थोडं, औषधाच्या वेळेशी जुळवून. मुलींच्या नोंदी तपासताना मी हे वाक्य सगळ्यांत आधी वाचते. ते जमलं असेल तर पुढची नोंद बहुतेक बरोबर असते.

नळीवाटे आहाराचं गणित तर रोजचं. बाबा, पेन्सिल घ्या. रुग्ण ६८ किलोचा. किलोमागे २५ ते ३० कॅलरी, म्हणजे १७०० ते २०४०. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे साधारण ८२ ग्रॅम. हाताशी असलेल्या द्रव आहारात मिलिलिटरला १.२ कॅलरी, लिटरमध्ये ५५ ग्रॅम प्रथिनं आणि ८१ टक्के पाणी आहे असं धरा. ताशी ६५ मि.लि. दिलं तर २४ तासांत १५६० मि.लि., त्यातून १८७२ कॅलरी, ८६ ग्रॅम प्रथिनं आणि १२६४ मि.लि. पाणी. पाण्याची गरज किलोमागे ३० मि.लि. धरली तर २०४०. कमी पडतात ७७६. म्हणून दर सहा तासांनी २०० मि.लि. पाणी नळीतून. कागदावर उत्तर पूर्ण झालं.

पण प्रत्यक्षात रुग्णाला स्कॅनला नेतात, औषधासाठी नळी बंद ठेवतात, अंघोळ घालताना पंप थांबवतात. २४ ऐवजी २० तास चाललं तर पोटात गेलं १३०० मि.लि., म्हणजे १५६० कॅलरी आणि ७२ ग्रॅमपेक्षाही कमी प्रथिनं. दुसऱ्या दिवशी इंटर्न आदेशाचा आकडा पाहून 'गरज पूर्ण' लिहिते, आणि रुग्णाला आठवडाभर कमीच आहार मिळतो. म्हणून पंपावर प्रत्यक्ष गेलेले मिलिलिटर पाहायचे, रोज. उलटही होतं. अतिदक्षता विभागात गुंगीसाठी प्रोपोफॉल देतात, ते चरबीत मिसळलेलं असतं, मिलिलिटरला १.१ कॅलरी. ताशी १५ मि.लि. चालू असेल तर दिवसाला ३९६ कॅलरी आपोआप आत जातात. ते मोजले नाहीत तर याच रुग्णाला २२६८ कॅलरी पडतात.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे बरेच दिवस उपाशी राहिलेला रुग्ण. दयेपोटी त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार सुरू केला तर इन्सुलिन वाढतं, रक्तातला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा प्रौढ रुग्णाला पहिल्या २४ तासांत किलोमागे १० ते २० कॅलरींनीच सुरुवात करायची, आहाराआधी थायमिन १०० मि.ग्रॅ. मागायचं, क्षार कमी असतील तर आधी भरून काढायला सांगायचं आणि दर एक-दोन दिवसांनी उद्दिष्टाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढवत न्यायचं. इंटर्नने स्वतः ठरवायचं नसतं, पण ओळखायचं मात्र तिनेच असतं. डॉक्टरांच्या गडबडीत हे सुटू शकतं.

स्वयंपाकघराचे आठवडे मुलींना कमी दर्जाचे वाटतात, आणि माझं त्याबद्दल ठाम मत आहे की तसे ते नाहीत. तिथे चूक झाली तर एकाच वेळी तीनशे जण आजारी पडतात. गरम पदार्थ १३५ अंश फॅरेनहाइटच्या वर, थंड ४१ च्या खाली, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती उरलेलं गार करताना: १३५ वरून ७० पर्यंत दोन तासांत आणि तिथून ४१ पर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवं. खोल पातेल्यात भरून शीतगृहात ठेवलेली डाळ मधोमध तासन् तास कोमट राहते. पसरट तबकांत ओतायला हवी. खरेदीचंही गणित असतं. १०० जणांना ९० ग्रॅम गाजर म्हणजे ९ किलो नव्हे. सोलून-कापून ८० टक्के उरत असेल तर ११.२५ किलो मागवावं लागतं. आणि गिळायला त्रास असलेल्यांच्या ताटाचा दाटपणा ० ते ७ अशा पातळ्यांत मोजतात. तिथे 'थोडं पातळ चालेल' असं म्हणून चालत नाही, घास श्वासनलिकेत जातो.

समाजातल्या कामाचे आठवडे बहुधा विक या सरकारी योजनेच्या केंद्रात जातात. तिथे गरोदर आणि स्तनदा माता आणि पाच वर्षांपर्यंतची मुलं येतात. इथे उपदेश कमी आणि ऐकणं जास्त लागतं, ते आपल्या पोरीला जमेल.

रोजचे तास त्याच दिवशी नोंदवून प्रीसेप्टरची सही घ्यायची, महिन्याच्या शेवटी आठवून लिहायचे नाहीत. प्रीसेप्टर नोकरी सोडून गेली तर ते तास सिद्ध करता येत नाहीत. सगळं संपलं की संचालक पुन्हा व्हेरिफिकेशन स्टेटमेंट देतात. त्यावरची सहीची तारीख काम पूर्ण झाल्याच्या तारखेआधीची नाही ना, हे तिथल्या तिथे पाहावं. आधीची असेल तर कागद परत येतो. त्याच्या प्रती जन्मभर जपाव्यात.

मग संचालक तिचं नाव सी.डी.आर.कडे पाठवतात आणि परीक्षा होते. कॉम्प्युटरवर, कमीत कमी १२५ आणि जास्तीत जास्त १४५ प्रश्न, त्यातले २५ गुणांत न धरले जाणारे. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. सध्या ४५ टक्के प्रश्न रुग्ण आणि गटांच्या पोषणावर आहेत, पण व्यवस्थापन आणि स्वयंपाकघर मिळून ३४ टक्के. नापास होणाऱ्या बऱ्याच जणी तिथे अडखळतात, कारण ते आठवडे त्यांनी मनावर घेतलेले नसतात. ५० पैकी २५ या प्रमाणित गुणांवर पास. नाही जमलं तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. त्यानंतर अनेक राज्यांत काम करायला राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

आता मावशीने काय करायचं ते सांगते. एजंटला एकही पैसा द्यायचा नाही. कॉलेजातून शिक्क्याचे अभ्यासक्रम मागवायचे. एसेंडच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या रस्त्याचे पाच अभ्यासक्रम निवडून प्रत्येक संचालकांना ई-मेल करायचा, त्यात चारच प्रश्न: आमची पदवी धरता का, कोणते विषय कमी पडतील, रुग्णालय तुम्ही देता की आम्ही शोधायचं, आणि परदेशी विद्यार्थिनीला सी.पी.टी. कधी मिळते. उत्तरं आली की मला पाठवा, मी वाचून कळवते. तोवर ती ठेव बँकेतच राहू दे.

बाबा, फिरायला जाताना काठी घेऊन जा. आई, तुझ्या गोळ्या संपत आल्या असतील, आधीच मागवून ठेव.

तुमची लाडकी लेक